सविनय आज्ञाभंग आणि बालकाची तक्रार

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा कायदा, जो सर्वत्र ‘पोक्सो’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्याच्या १९व्या कलमाने देशातील प्रत्येक व्यक्तीवर असे कर्तव्य सोपवले की, अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा तो होण्याची भीती ज्याला असेल, त्याने ती स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे. २१व्या कलमानुसार हे न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि एखाद्या संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा अपराध पोलिसांना कळवीत नसेल, तर कैदेची मर्यादा एक वर्षापर्यंत जाते. या कलमांत महंत, मौलवी, ग्रंथी किंवा पाद्री यांपैकी कोणालाही सूट नाही. ख्रिस्ती धर्मातील पापनिवेदन, म्हणजे भाविकाने धर्मगुरूजवळ एकांतात दिलेली आणि त्याने कधीही बाहेर फोडू नये अशी कबुली, तिच्यासाठीही कायद्याने वेगळी जागा राखलेली नाही. धर्मसंस्थेच्या आवारात मुलावर अत्याचार झाल्याची तक्रार आली, तर ती आतल्या आत ठेवण्याचा अधिकार भारतात कोणालाच नाही. तरीही ती आत ठेवली जाते, आणि जो ती बाहेर नेतो त्यालाच आज्ञा मोडणारा ठरवले जाते. या उलट्या न्यायाचा विचार सविनय कायदेभंगाच्या परंपरेच्या अंगाने करणे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

सविनय कायदेभंगाची कल्पना हेन्री डेव्हिड थोरोच्या १८४९ सालच्या निबंधापासून गांधीजींच्या सत्याग्रहापर्यंत अनेक अंगांनी वाढली, पण तिची काही लक्षणे स्थिर राहिली: कृती उघडपणे व्हावी, तिच्यात हिंसा नसावी, आणि ती करणाऱ्याने शिक्षा चुकवू नये. या व्याख्येत असे गृहीत धरलेले असते की, राज्याचा कायदा अन्यायाचा आहे आणि विवेक त्याच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. बालकाच्या तक्रारीच्या बाबतीत हे गृहीतकच बदलते, कारण येथे राज्याचा कायदा मुलाच्या बाजूला असतो आणि आज्ञा असते ती धर्मपीठाची, आश्रमाची किंवा जातभाईंची. अशा वेळी कायदा पाळण्यासाठीच आज्ञा मोडावी लागते, आणि या प्रकारच्या आज्ञाभंगाचा सर्वांत स्पष्ट नमुना महाराष्ट्राच्या इतिहासात थोरोच्या निबंधापेक्षा महाडच्या तळ्याकाठी सापडतो.

सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले. कागदावर हक्क होता, काठावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा त्यांनी राज्याचा कोणताही कायदा मोडला नाही. त्यांनी मोडली ती रूढीची, धर्माच्या नावाने दिली जाणारी आज्ञा. शिक्षा मात्र त्यांना झाली, आणि ती न्यायालयाने न देता लाठ्याकाठ्यांनी दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आलेला होता, आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित करून कोर्टाची वाट धरली. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. एका हाताने रूढी मोडायची आणि दुसऱ्या हाताने कायद्याचा धागा सोडायचा नाही, हा जो दुहेरी संयम महाडमध्ये दिसतो, तोच पुढील सर्व उदाहरणे मोजण्याचा गज म्हणून येथे वापरला आहे.

धर्मसंस्थेच्या हातात तक्रार आल्यावर तिचे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक वेळा तक्रार नाकारली जात नाही. तिचे रूपांतर केले जाते. अत्याचार हा गुन्हा न राहता कोठे पाप होतो, ज्याला प्रायश्चित्त पुरते. कोठे तो संस्थेच्या नावावरचा डाग होतो, जो झाकावा लागतो. तर कोठे तक्रार करणारे मूलच बाधित ठरते. धर्मगुरू आसाराम याच्या प्रकरणात हे तिसरे रूपांतर घडले. छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला भूतबाधा झाली आहे असे तिच्या भक्त आईवडिलांना सांगण्यात आले आणि उपाय म्हणून तिला जोधपूरजवळच्या मणाई येथील आश्रमात नेण्यात आले, जेथे ऑगस्ट २०१३ मध्ये तिच्यावर अत्याचार झाला. कुटुंबाने गाठले ते दिल्लीतील कमला मार्केट पोलीस ठाणे. तेथे ‘शून्य क्रमांकाची फिर्याद’ नोंदवली गेली. गुन्हा आपल्या हद्दीत घडलेला नसतानाही पोलीस ठाण्याने फिर्याद नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवावी, ही ती तरतूद, जिची शिफारस न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने त्याच वर्षी केली होती. त्यानंतरच्या दिवसांत हजारो अनुयायी रस्त्यावर उतरले, पण ते गुरूच्या बाजूने. या आणि गुजरातेतील संबंधित खटल्यातील तीन साक्षीदारांचे खून झाले. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला उर्वरित आयुष्यभर कारावासाची शिक्षा सुनावली. ज्या कुटुंबाने आयुष्याची श्रद्धा एका माणसाच्या पायाशी ठेवली होती, त्याच कुटुंबाने त्याच्याविरुद्ध फिर्याद नोंदवणे हा आज्ञाभंग होता, आणि त्यात ना घोषणा होती, ना फलक. चळवळींचे इतिहास अशा कृतीला सहसा जागा देत नाहीत, ही त्या इतिहासांची उणीव मानली पाहिजे.

मुंबईतील उदाहरण अधिक सौम्य भाषेचे आहे, आणि म्हणूनच अधिक बोधप्रद. २०१५ च्या अखेरीस गोवंडीतील शिवाजीनगर भागातल्या एका तेरा वर्षांच्या मुलावर चर्चमधील धर्मगुरूने अत्याचार केला. कुटुंब मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांना भेटले. ते रोमला निघण्याच्या बेतात होते, आणि आपण साहाय्यक बिशपांना लक्ष घालण्यास सांगितले होते, असे त्यांनी पुढे म्हटले. पोलिसांत तक्रार नोंदवली ती कुटुंबाने स्वतः. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीबीसीने हे प्रकरण जगासमोर मांडले, त्याच आठवड्यात बालकांच्या संरक्षणावर विचार करण्यासाठी व्हॅटिकनमध्ये जगभरच्या बिशपांची परिषद भरली होती, आणि तिच्या चार संयोजकांपैकी एक कार्डिनल ग्रेशियस होते. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. येथे मुलाला कोणी खोटे ठरवले नाही, कोणी धमकावल्याचेही या वर्णनात नाही. फक्त घाई नव्हती. धर्मसंस्थेचा वेळ शतकांत मोजला जातो आणि मुलाच्या शरीरावरचा पुरावा तासांत नष्ट होतो, या अंतरात जे हरवते ते कोणत्याही चौकशी समितीला नंतर शोधून काढता येत नाही.

केरळमधील कोट्टियूरच्या प्रकरणात हे रूपांतर सर्वांत कठोर होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अल्पवयीन मुलीने बाळाला जन्म दिला, बाळ परस्पर वायनाडमधील अनाथालयात हलवले गेले, आणि धर्मगुरूचे नाव झाकण्यासाठी मुलीच्या पित्यानेच दोष आपल्यावर घ्यावा असा प्रयत्न झाला. बालकांच्या मदतवाहिनीपर्यंत माहिती पोहोचली नसती तर ते कुटुंब त्या असत्याखाली गाडले गेले असते. वायनाड जिल्ह्याची बालकल्याण समिती, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी शासकीय यंत्रणा, तिचे अध्यक्षही धर्मगुरूच होते, आणि राज्य सरकारला त्यांना पदावरून दूर करावे लागले. २०१९ मध्ये मुख्य आरोपीला वीस वर्षांची शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयाने पुढे दहा वर्षांवर आणली. लपवाछपवीचा आरोप असलेले इतर मात्र सुटले. कळवण्याचे कर्तव्य कायद्यात लिहिणे सोपे असते, ते मोडल्याचे सिद्ध करणे किती अवघड असते, हे येथे दिसते.

तक्रार बाहेर नेणारी व्यक्ती संस्थेच्या बाहेरची असेल तर तिला श्रद्धा गमवावी लागते. ती आतली असेल तर तिला घर, अन्न, ओळख आणि म्हातारपणीचा आधार हे सारेच गमवावे लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीच्या वांची चौकात, केरळ उच्च न्यायालयाजवळ, कुराविलंगाडच्या मठातील पाच साध्वी धरण्याला बसल्या. जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर त्यांच्या सहकारी साध्वीने बलात्काराचा आरोप केला होता. चर्चमधील वरिष्ठांकडे केलेल्या विनवण्यांचा उपयोग न झाल्यावर आणि पोलिसांत तक्रार देऊन महिने उलटल्यावर त्या रस्त्यावर आल्या. ती तक्रार प्रौढ स्त्रीची होती, बालकाची नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु आज्ञापालनाची शपथ घेतलेल्या स्त्रियांनी आपल्या वेषातच उघड्यावर बसून पोलिसांकडे कारवाई मागणे, ही घटना भारतीय चर्चच्या इतिहासात इतकी अपूर्व होती की, ती वगळून या विषयाचा विचार करता येत नाही. दोन आठवडे उलटत असताना, २१ सप्टेंबरला बिशपांना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, आणि त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील दाखल झाले. धरण्याला पाठिंबा देणाऱ्या सिस्टर लुसी कलप्पुरा यांना त्यांच्या संघाने २०१९ मध्ये काढून टाकले. निर्दोषत्वाच्या निकालाने त्या धरण्याची वैधता कमी होत नाही, कारण साध्वींची मागणी शिक्षेची नव्हती, तपासाची होती. आणि आरोपी कितीही मोठा असला तरी त्याची चौकशी न्यायालयासमोर व्हावी, ही मागणी निकाल कोणताही लागला तरी योग्यच राहते.

या मांडणीला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो ऑस्ट्रेलियातून येतो. तेथील शाही आयोगाने, म्हणजे शासनाने व्यापक अधिकार देऊन नेमलेल्या चौकशी मंडळाने, संस्थांतील बाल लैंगिक अत्याचारांची अनेक वर्षे चौकशी करून डिसेंबर २०१७ मध्ये अंतिम अहवाल दिला. यहोवाज विटनेसेस या पंथाच्या स्वतःच्याच दफ्तरात १९५० पासूनच्या १,००६ आरोपींच्या नोंदी आढळल्या, आणि त्यांपैकी एकाचेही नाव पंथाने पोलिसांना कळवलेले नव्हते. तेथे आरोप सिद्ध होण्यास दोन साक्षीदार लागतात असा धर्मग्रंथाधारित नियम होता, जो एकांतात होणाऱ्या गुन्ह्याला कधीच लागू पडू शकत नाही. आयोगाने पापनिवेदनातून कळलेल्या अत्याचारालाही कळवण्याच्या कर्तव्यातून सूट नसावी अशी शिफारस केली, तेव्हा मेलबर्नचे तत्कालीन आर्चबिशप डेनिस हार्ट यांनी आपण तुरुंगात जाऊ, पण पापनिवेदनाचे मौन मोडणार नाही, अशी भूमिका घेतली. वरवर पाहता हाही सविनय कायदेभंगच आहे: उघड आहे, अहिंसक आहे, शिक्षा स्वीकारणारा आहे. मग दोघांपैकी सत्याग्रही कोण, अत्याचार कळवणारी साध्वी की न कळवणारा आर्चबिशप?

उत्तर शिक्षेकडे पाहून मिळत नाही, किंमत कोण मोजते याकडे पाहून मिळते. गांधीजींच्या विचारात सत्याग्रहाचे दुःख सत्याग्रह्याने स्वतः भोगायचे असते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले तेव्हा पणाला लागला तो त्यांचा स्वतःचा देह. धर्मगुरूच्या मौनाची किंमत धर्मगुरू काही महिन्यांच्या कैदेत मोजेल, पण तिचा खरा भार त्या मुलावर पडतो ज्याच्यावर उद्या पुन्हा अत्याचार होणार आहे, आणि त्या मुलाची संमती कोणीही घेतलेली नाही. दुसऱ्याच्या, तेही लहान मुलाच्या, वेदनेवर उभा असलेला विवेक कितीही प्रामाणिक असला तरी त्याला सत्याग्रहाचे नाव देता येत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये पापनिवेदनाची ही सूट काढून टाकली, आणि व्हॅटिकनने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अशा प्रकरणांवरचे ‘पोपकीय गोपनीयते’चे बंधन उठवले, पापनिवेदनाचे मौन मात्र कायम राहिले.

विवेकाच्या या कसोटीवर सर्वांत स्वच्छ उतरते ते चिली देशातील ओसोर्नो या शहराचे उदाहरण. मार्च २०१५ मध्ये हुआन बारोस यांची तेथे बिशप म्हणून प्रतिष्ठापना झाली तेव्हा, एका अत्याचारी धर्मगुरूला त्यांनी पाठीशी घातल्याचा आरोप करणारे सामान्य भाविक काळे कपडे घालून खुद्द कॅथीड्रलमध्ये जमले. तीन वर्षे ते थांबले नाहीत, त्यांनी चर्चही सोडले नाही, आणि जून २०१८ मध्ये बारोस यांचा राजीनामा स्वीकारला गेला.

महाराष्ट्रात अलीकडचा सर्वांत मोठा उद्रेक बदलापूरचा आहे, आणि तो धर्मसंस्थेतला नसून शाळेतला असला तरी तक्रार आत ठेवण्याची प्रवृत्ती तीच होती. ऑगस्ट २०२४ मध्ये शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, फिर्याद नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि २० ऑगस्टला संतप्त जमावाने बदलापूर स्थानकात लोहमार्ग अडवून दिवसभर गाड्या रोखल्या. रेल रोको हा कायद्याचा भंगच आहे. पण त्याच्यामुळे उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेच्या विश्वस्तांवर २१व्या कलमाखाली गुन्हा दाखल झाला. एवढ्यापुरते ते आंदोलन सफल झाले. त्याच स्थानकात मात्र आरोपीला तिथल्या तिथे फाशी द्या अशीही मागणी झाली, दगडफेक झाली, लाठीमार झाला, आणि २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना पोलिसांच्याच गोळीने मेला. त्याच्या मृत्यूने ज्यांना समाधान वाटले त्यांनी एका गोष्टीचा विचार करायला हवा होता: ज्या मुलींच्या पालकांना तासन्‌तास बसवून ठेवले गेले त्या मुलींचे म्हणणे त्याच्यासमोर, न्यायालयात, पुराव्यानिशी खरे ठरण्याची संधी त्याच दिवशी संपली. महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनाईहुकुमापुढे थांबण्याचे जे धैर्य दिसले, ते बदलापुरात दिसले नाही.

दिल्लीतील मयूर विहारसारख्या संमिश्र वस्तीत या संयमाचे मोल जास्त आहे. यमुनेच्या पूर्वेकडील या भागात मल्याळी, मराठी, बंगाली, पंजाबी कुटुंबे शेजारी राहतात, प्रत्येकाची देवळे आणि प्रार्थनास्थळे जवळजवळ आहेत, आणि धर्मस्थळातील अत्याचाराची बातमी येथे फार लवकर धर्माधर्मांतल्या भांडणाची बातमी होते. एप्रिल २०१८ मध्ये शेजारच्या गाझीपूर भागातील एक अल्पवयीन मुलगी बेपत्ता झाली आणि गाझियाबादच्या बाजूच्या एका मदरशातून पोलिसांनी तिची सुटका केली, तेव्हा निदर्शने झाली, पण त्यांतला मोठा आवाज त्या मुलीचा नव्हता; कठुआच्या प्रकरणाशी बरोबरी करण्यासाठी तिचा उपयोग केला जात होता. कठुआत त्याच वर्षी आठ वर्षांच्या मुलीला देवस्थानात डांबून तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला होता, आणि आरोपपत्र दाखल होऊ नये म्हणून वकिलांनीच न्यायालयात अडथळा आणला होता. आरोपींच्या समर्थनार्थ निघालेल्या मोर्चात तिरंगा होता. तोही स्वतःला जनआंदोलनच म्हणवीत होता. जे निदर्शन फक्त परधर्माच्या दारात होते आणि स्वधर्माच्या दारात गप्प राहते, त्याला बालरक्षणाचे आंदोलन म्हणता येणार नाही. ओसोर्नोच्या भाविकांचे आणि कोचीच्या साध्वींचे मोठेपण यात आहे की, त्यांनी आपल्याच वेदीसमोर उभे राहून प्रश्न विचारला.

आपल्याच वेदीसमोर उभे राहण्याची साधने महाराष्ट्राला नवी नाहीत. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विवाह लावले तेव्हा पुरोहितांनी आपल्या दक्षिणेच्या हक्कासाठी न्यायालयाचे दार ठोठावले, यावरूनच तो असहकार कोठे लागला होता ते कळते. धर्मसंस्था भक्तांच्या देणगीवर, सेवेवर आणि मुलांना शिबिरांत पाठवणाऱ्या पालकांच्या विश्वासावर चालते. हे तीनही हात आखडते घेणे हा पूर्णपणे कायदेशीर आणि तरीही परिणामकारक आज्ञाभंग आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धची फिर्याद उच्च न्यायालयाने रद्द केली होती; ती २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जिवंत केली आणि न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. या निकालाचा अर्थ प्रत्येक देवस्थानाच्या विश्वस्तांना, प्रत्येक पाठशाळेच्या, मदरशाच्या आणि रविवारच्या वर्गाच्या चालकांना भक्तांनीच समजावून सांगितला पाहिजे: वार्षिक सभेत उभे राहून १९वे आणि २१वे कलम वाचून दाखवले पाहिजे, प्रवेशद्वाराशी १०९८ हा मदतवाहिनीचा क्रमांक आणि जवळच्या पोलीस ठाण्याचे नाव लावण्याचा ठराव मागितला पाहिजे, मुले आणि प्रौढ एकांतात राहणार नाहीत असा नियम लिहून घेतला पाहिजे, आणि कायद्याच्या २३व्या कलमाप्रमाणे पीडित मुलाचे नाव कोणत्याही फलकावर, कोणत्याही संदेशात येणार नाही याची काळजी स्वतः आंदोलकांनी घेतली पाहिजे. जे विश्वस्त असा ठराव घेण्यास नकार देतील त्यांच्या दानपेटीत त्या दिवसापासून काही टाकू नये, त्यांच्या शिबिराला मूल पाठवू नये, आणि नकाराचे कारण त्यांच्याकडून लेखी मागावे.